झुंबरबाईची चौकशी

मिरचीच्या शेडनेटमध्ये भेसळीचं झाड हुडकण्यात झुंबरबाईचा हात धरणारं भोकरदनच्या त्या पट्ट्यात कुणी नव्हतं. बियाण्याच्या प्लॉटात एखादं झाड वेगळ्या जातीचं निघालं, तर तिला नुसतं पान बघून कळायचं. पंधरा बायकांच्या टोळीवर तिची नजर असायची, आणि घरी गेल्यावरही ती नजर मिटायची नाही. त्यामुळे गावात खोकला शिरला तेव्हा तो आणला कुणी, हे शोधायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं.

कारणही तसंच होतं. घरात वीस दिवसांची नात होती. सून राजनंदिनीचं पहिलंच बाळंतपण, पोर जेमतेम दोन किलोची. हा खोकला पोरीच्या छातीत उतरला तर काय, या विचारानं झुंबरबाईचं काळीज थाऱ्यावर नव्हतं.

संशय आमिनावर होता. आमिना तिच्याच टोळीतली, शेडनेटमध्ये शेजारच्या ओळीत बसणारी. संभाजीनगरला लग्नाला गेली, आली आणि तापानं अंथरुणाला खिळली. आणखी काय पुरावा पाहिजे? त्यातून ती बाळासाठी झबली शिवून आणणार होती. "तिला म्हणावं, उंबऱ्याच्या आत पाय टाकू नको," असा निरोप झुंबरबाईनं धाडला. निरोप नेणाऱ्या बाईलाच वाईट वाटलं, हिला नाही.

मग आमिनाकडं कोण कोण जाऊन आलं, याची घरोघर चौकशी सुरू झाली. कचरूच्या घरी चहा झाला. कारभारीच्या म्हाताऱ्या आईच्या उशाशी तासभर बसणं झालं. सर्जेरावच्या सुनेला खोदून खोदून विचारून झालं. "आमिनाकडं गेल्ती का तू? खरं सांग." सगळ्यांनी नाहीच म्हटलं, आणि सगळे खोटं बोलताहेत अशी झुंबरबाईची खात्री पटली. तिचा स्वतःचा घसा जरा खवखवत होता, आमिना लग्नाला जायच्या आधीच्या बाजारापासून. पण ते त्या दिवशीच्या थंड उसाच्या रसानं. एक लवंग दाढेखाली धरली की भागत होतं.

रविवारी बाळाचं नाक वाजायला लागलं. उपकेंद्रातली आकांक्षा सिस्टर आली, बाळाची छाती उघडी करून तिनं मिनिटभर श्वास मोजले.

"सध्या बरी आहे. पण दूध प्यायची थांबली, न्हाईतर छाती आत ओढायला लागली, तर जल्दी जालन्याला न्या."

"हे समदं त्या आमिनाचं," झुंबरबाई म्हणाली. "तापानं फणफणली व्हती ती."

"फणफणली म्हणूनच खोलीत पडून राह्यली ना काकू? तिच्या घरात कुणालाच झालं न्हाई." आकांक्षानं वही काढली. "जो रोग माणसाला आडवं पाडतो तो बऱ्याचदा तिथंच अडकतो. जो हिंडू-फिरू देतो तो दहा घरं गाठतो. समदे रोग असे नसतात, पण हा तसाच दिसून राह्यला."

"रोगाला काय अक्कल असती व्हय?"

"तुमच्या मिरचीला असते का? ज्या झाडाचं बी पिशवीत पडलं, पुढच्या साली रानात तीच जात. तसंच हे. जो दुसऱ्या माणसापर्यंत पोचला, तोच टिकला."

बियाण्याची गोष्ट झुंबरबाईला चटकन कळली.

"आता सांगा, कुणाला कधी झालं?"

हे तिला तोंडपाठ होतं. ती तोऱ्यात सांगू लागली. कचरूच्या घरी गुरुवारी, म्हणजे ती चहाला गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी. कारभारीची आई शुक्रवारी. सर्जेरावच्या सुनेचं नाव ओठावर आलं आणि ती थबकली. ती चौकशीला गेली ती घरं हीच होती, क्रमही हाच. आमिना तर अंथरुणातून उठलीच नव्हती, आणि त्याआधी ती झुंबरबाईच्याच शेजारी बसत होती.

"घरात कुणाला खोकला?" सिस्टरनं विचारलं.

रोज सकाळी बाळाला पायावर घेणारी झुंबरबाईच होती. "न्हाई" म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि घशातली खवखव उसळून वर आली. पदर तोंडाशी दाबून ती अंगणात पळाली आणि पोटभर खोकली.

रस्त्यावर आमिना उभी होती. बारा दिवसांनी बाहेर पडलेली, तोंडाला ओढणी बांधलेली, हातात झबल्यांची पिशवी.

"मी आत येत न्हाई मावशी. हितंच ठेवून जाते."

झुंबरबाईला लाजेनं मान वर करवेना. "सिस्टर," तिनं लांबूनच विचारलं, "हिच्यापासून आता धोका हाये का?"

"न्हाई. ती बिलकुल बरी झाली."

"मंग तू जाय आत, आमिना. पोरीला तू घे." झुंबरबाई उंबऱ्यापासून आणखी चार पावलं मागं सरकली. "अन् मला आत येऊ देऊ नको. मी किती बी म्हणलं तरी येऊ देऊ नको."