आधी सासूबाईंचा डोळा

अच्युत पलासिया भागातल्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. क्लास तळघरात. सकाळी उजाडायच्या आत शिरायचं ते दिवेलागणीनंतर बाहेर पडायचं. वय अडतीस. हल्ली स्कूटरवर समोरच्या गाड्यांचे दिवे त्याला फुटून पसरल्यासारखे दिसायचे. चष्म्याचा नंबर वाढला असेल, म्हणून त्यानं मनावर घेतलं नव्हतं.

डोळ्यांच्या दवाखान्यात तो गेला तोही घरातच राहणाऱ्या सासूबाईंना घेऊन. सरोजिनीबाईंचा मोतीबिंदू पिकत आला होता आणि त्या ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हत्या. त्यांच्या औषधांची चिठ्ठी वाचताना अच्युत ती डोळ्यांशी नेतोय, हे डॉक्टर शिवांगींनी पाहिलं.

"तुम्हीही बसा जरा इथे," त्या म्हणाल्या.

मोतीबिंदू त्यालाही निघाला, दोन्ही डोळ्यांत. रक्त तपासलं, तर शुगर ठीक, पण व्हिटॅमिन डी फारच खाली आणि कॅल्शियमही कमी.

"गोळ्यांनी जाईल?" त्यानं विचारलं.

"गोळ्यांनी कमतरता भरून निघेल. मोतीबिंदूला ऑपरेशनच. डी कमी म्हणूनच तो झाला, असं ठामपणे नाही सांगता येत. पण उन्हात जात जा."

घरी त्यानं बायकोला, शर्वरीला, बजावलं की बाहेर कुणाला सांगायचं नाही. म्हाताऱ्यांचा आजार या वयात, लोक काय म्हणतील?

मग एका संध्याकाळी पुस्तकातलं गणित फळ्यावर उतरवताना त्यानं वजाचं चिन्ह गाळलं. मुलं एकमेकांकडे बघत राहिली. तो घरी आला आणि बूट न काढताच खुर्चीत बसला.

सरोजिनीबाईंनी पाणी आणून दिलं. "अच्युतराव, भीती वाटते ना?"

एरवी दोघं चहा आणि हवापाण्यापलीकडे फारसं बोलत नसत.

"वाटते, आई."

"मलाही वाटते. इतके दिवस उगीच टाळतेय. असं करू, आधी माझा डोळा. कसं होतं ते मी तुम्हाला सच्ची सच्ची सांगेन."

आणि त्यांनी खरंच करून घेतलं. काळा चष्मा लावून घरी आल्या आणि आधी जावयासमोर बसल्या. "अजिबात काही होत नाही म्हणतात ते झूठ. जरा दाब येतो. पण डॉक्टरीणबाई बोलत राहते, तेवढ्यात होऊन जातं."

महिन्याभरानं अच्युतचा एक डोळा झाला. क्लासच्या मालकांना त्यानं स्वतःच सगळं सांगितलं आणि पहाटेची बॅच सोडली. आता सकाळी तो गच्चीवर उन्हात बसतो. शर्वरी बँकेत गेलेली असते, म्हणून डोळ्यात थेंब टाकायला सासूबाई जिना चढून येतात.

पहिला थेंब गालावर पडला.

"हलू नका, अच्युतराव."

"मी नाही हललो, आई. तुमचा हात हलतोय."

"बरं, मग दोघंही जरा दम घेऊ," त्या म्हणाल्या आणि त्याच्या शेजारी उन्हात बसल्या.