मधला तारा

पार्सल आलं तेव्हा थोरली जाऊ नुकतीच बाजाराला गेली होती, म्हणून निभावलं. धाकटीने ते टॉवेलात गुंडाळलं, शिलाईच्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. बाई चाळिशीची, पण पाकीट असं फोडलं, जणू आत परीक्षेचा निकालच आहे.

आत पट्टी होती. आरपार दिसणारी, चौकोनी, मधोमध कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी लाल रेघ. दोन त्रिकोण जोडून केलेला चौकोन नेमक्या मापात कापायची खास पट्टी. थोरलीला कळलं असतं तर तिने लगेच ऐकवलं असतं, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

धाकटीची लेक बबडी परवा हॉस्टेलला निघणार होती आणि तिच्यासाठी गोधडी चालली होती. असे चौकोन जोडून एकेक तारा, आणि तीन-तीनच्या ओळीत नऊ तारे. घरात गोधडीचा कायदा थोरलीचा : सगळ्यात सरळ तारा मध्ये, मग तो कोणाचाही असो. हे 'कोणाचाही' आपलं म्हणायला. आजवर प्रत्येक गोधडीत मध्ये थोरलीचाच तारा बसला होता आणि धाकटीचे गेले होते कडेला, गादीखाली खोचायच्या भागात. इतर गोधड्यांचं धाकटीने मनाला लावून घेतलं नाही. पण ही बबडीची होती. मधला तारा झोपलेल्या पोरीच्या छातीवर येणार, तो आपल्या हातचा असावा, एवढंच तिला हवं होतं. मागून घ्यायची मात्र लाज वाटत होती.

त्यात गेल्याच आठवड्यात थोरलीने तिचे चारही तारे उसवून नुसते चौकोन परत हातात ठेवले होते.

"टोकं बघ कशी बोथट झालीत. आणि पांढऱ्या कापडाला निळा दोरा कोण लावतं गं?"

"मशीनच्या बॉबिनमध्ये तोच भरलेला होता, ताई. उलट्या बाजूला तर आहे."

"उलटी बाजू म्हणजे काय सवतीची?"



आता धाकटीने त्यातलाच एक चौकोन कापायच्या चटईवर ठेवला, पट्टीची कड कापडाच्या कडेला लावली आणि गोल पात्याचं कटर सर्रकन फिरवलं. चौकोन झाला अगदी काटकोनात, पण दोन त्रिकोणांमधली शिवण कोपरा सोडून भलतीकडेच गेली. घात झाला! जादा चौकोन तेवढा एकच होता आणि ताऱ्यांचं पिवळं कापड तर कधीच संपलं होतं. आता एकही चुकून चालणार नव्हतं. धाकटी स्टुलावर बसली. पुन्हा पट्टी उचलून तिने ती लाल रेघ नीट निरखली. ही तिरकी रेघ उगाच का काढली असेल?

"अगं बये, कड कशाला बघतेस," ती स्वतःलाच म्हणाली, "शिवण बघ!"

यावेळी तिने लाल रेघ बरोब्बर शिवणीवर ठेवली. चारी बाजूंनी कापडाच्या बारीक कडा पट्टीबाहेर डोकावल्या. दोन बाजू कापल्या, चौकोन फिरवला, पुन्हा रेघेवर शिवण, उरलेल्या दोन कापल्या. शिवण कोपऱ्यातून निघून थेट समोरच्या कोपऱ्यात! धाकटीने दुसरा घेतला, तिसरा घेतला. कातरणांचा ढीग पडत गेला. चहा गार झाला, त्यावर साय आली, तिला पत्ता नव्हता. पहिला तारा शिवून उलगडला तेव्हा आठही टोकं सुईसारखी आली होती. ती एवढ्या मोठ्याने ओरडली की पलीकडच्या खोलीतून बबडी धावत आली.

"आई, बोट कापलं?"

"नाही गं! टोक आलं, टोक!"

बबडी कपाळावर हात मारून परत गेली.

संध्याकाळी थोरली बिछान्यावर तारे मांडायला बसली. धाकटीने पट्टी गादीखाली सरकवली होती आणि आपले चार तारे थोरलीच्या चारांत पत्त्यांसारखे पिसून ठेवले होते. थोरलीचा पाचवा अजून सुट्या चौकोनांतच होता. चष्मा नाकावर घेऊन थोरलीने एकेका टोकावरून अंगठा फिरवला. शेवटी एक तारा उचलला.

"हा मध्ये. याला म्हणतात हात! बघून ठेव जरा."

 थोरलीने तारा इस्त्रीसाठी उलटा केला. निळा दोरा.

 थोरलीने शेजारचा आपला तारा उचलला, दोन्ही टोकाला टोक लावून पाहिले. आता ही काहीतरी खुसपट काढणार, धाकटीला वाटलं.

"ताई, तो... छातीवर येईल ना तिच्या, म्हणून मी..."

"कसला छातीवर? तुझी लेक पालथी झोपते." थोरलीने निळ्या दोऱ्याचा तारा मधोमध ठेवला आणि तळहाताने सपाट केला. "पाठीवर येईल. आईचा हात तिथेच बरा."

धाकटीला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं.

"पुरे आता. गादीखालून मला काहीतरी टोचतंय मघापासून, काढ ते बाहेर." थोरलीने आपल्या पाचव्या ताऱ्याचे सुटे चौकोन तिच्या मांडीवर ठेवले. "आणि हे माझे काप. हात हलवू नकोस."