मोठा तुकडा

सुंदरबाईचं रक्त नवऱ्याच्या रक्ताशी जुळलं तेव्हा तिने पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. बिभीषणच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आपली एक देऊन त्याला उभं करायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

आज अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी तिचे रिपोर्ट पाहिले आणि चष्मा काढून ठेवला.

"मावशी, तुमची किडनी घेता येणार नाही. तीही खराब व्हायला लागलीय. बीपीची गोळी घेत नव्हतात?"

"घेती की. अर्धी."

"अर्धी कुणी सांगितली?"

सांगायला कशाला कोण लागतंय? ऊसतोडीच्या टोळीत नवराबायको मिळून एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. कारखान्यावरच्या शिबिरात दोघांचाही बीपी वाढलेला निघाला, दोघांना एकाच नावाची गोळी लिहून दिली. मग दोन पाकिटं कशाला? रोज उसाच्या फडात जायच्या आधी बिभीषण दाताने गोळी तोडायचा आणि मोठा तुकडा बायकोला द्यायचा. डोकं दुखायचं थांबलं, दोघं निर्धास्त झाली. भाकरीसुद्धा निम्मी निम्मी खाणाऱ्यांना यात काही चुकतंय असं वाटणार तरी कसं!

"अर्ध्या गोळीने बीपी उतरलाच नाही, रक्ताच्या मोठ्या नळ्या ताठर झाल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मोटारीचा सगळा जोर ठिबकच्या बारीक नळ्यांवर सोडला तर काय होईल? किडनीतल्या बारीक नसांचं तेच झालंय."

"मग ह्यांचं कसं?"

"दुसरं कुणी देणारं आहे?"

कुणीच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातात नवं पाकीट ठेवलं. "रोज आख्खी घ्यायची. कुणाला वाटायची नाही."

बाहेर बाकड्यावर बिभीषण सुजलेले पाय लांब करून बसला होता.

"काय म्हणल्या? कवा करत्यात आपलं?"

ती त्याच्या शेजारी टेकली. लई दमली असेल, असं त्याला वाटलं. त्याने खिशातली गोळी काढली, सवयीने दातात धरून तोडली, दोन्ही तुकडे तळहातावर निरखले आणि मोठा तिच्यापुढे धरला.

"घे आधी. सकाळची राहिलीय."

सुंदरबाईला त्याचा राग आला, स्वतःचा आला, मग नुसतंच रडू फुटलं.

"दोनी तुमीच खा," ती म्हणाली. "मला माझी येगळी दिलीय."

बिभीषणने तिच्या हातातलं पाकीट पाहिलं, मग तिचं तोंड पाहिलं. मोठा तुकडा धरलेला त्याचा हात मात्र तसाच तिच्यापुढे राहिला.