मालोचे डोळे काढणारा कुंचला

मी कुंचला. ब्रेस्टच्या संग्रहालयात काचेमागे पडलोय तोच. माझे केस दगडासारखे वाळलेत, तेव्हा आवाज थोडा खरखरीत वाटला तर सांभाळून घ्या.

माझे केस थंड मुलखातल्या एका छोट्या जनावराच्या शेपटीचे. ते इथेच, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या एका कारखान्यात बायकांनी बोटांनी जुळवून बांधले. टोक असं निघालं, की एक केस इकडचा तिकडे नाही! चित्रकथा काढणाऱ्या अन्सेल्मने मला घेतलं आणि पहिल्याच दिवशी बाकीच्या कुंचल्यांना बजावलं, "हा फक्त मालोच्या डोळ्यांसाठी. ह्याला कुणी राबवायचं नाही." म्हणून तर इतकी वर्षं टिकलो.

मालो म्हणजे त्याच्या चित्रकथेतला पोरगा खलाशी. चेहरा मात्र अन्सेल्मच्या स्वतःच्या मुलाचा, एरवानचा. एरवानला खिडकीपाशी बसवून अन्सेल्म ओरडायचा, "अरे, हलू नकोस, माकडा!" आणि ते पोरगं मुद्दाम डोळे फिरवायचं. त्याची आई सोलांज रंग भरायची. तिचं नाव पुस्तकावर कधी आलं नाही. नवरा चित्रं काढतो, बायको रंग भरते, त्यात सांगायचं काय, असंच सगळे धरून चालायचे. मला त्याचा राग यायचा, पण मला विचारतो कोण?

दर आठवड्याला साप्ताहिकात एक पान जायचं. अन्सेल्म मला ओठात धरून टोक काढायचा. कॉफी आणि तंबाखू, हीच माझी चव.

एरवान मोठा झाला, सैन्यात भरती करून त्याला अल्जीरियातल्या लढाईवर धाडलं. तिकडून परत आली ती बंद शवपेटी. ती उघडायला सक्त मनाई होती. सोलांज शिपायाच्या बाहीला धरून म्हणत होती, "नुसतं तोंड बघू द्या हो. एकदाच." नाही बघू दिलं.

मालो मात्र होता तेवढाच राहिला. दर आठवड्याला मी त्याचे डोळे काढायचो आणि सोलांज रंग भरायच्या आधी ते पान बराच वेळ नुसतं धरून बसायची.

मग अन्सेल्मची छाती पोखरली. त्याने शेवटच्या गोष्टीचं शेवटचं पान पेन्सिलीने काढलं. मालो बुडालाय, वाळूवर आडवा आहे, कप्तान त्याच्यावर आपला कोट घालतोय. मालोचे डोळे मिटलेले.

पॅरिसहून प्रकाशक वेर्दिए धावत आला. "अन्सेल्म, अरे वेडा झालास काय? मालो मेला तर पोरं आमच्या नावाने शिमगा करतील!"

"करू देत," अन्सेल्म खोकत म्हणाला. "माझ्यामागे तू त्याला कुणाच्याही हातात देशील. चांगला ओळखून आहे मी तुला."

वेर्दिए तणतणत गेला. अन्सेल्मने मला सोलांजच्या हातात दिलं. "माझा हात चालत नाही आता. शाई तू फिरव. पोराचे डोळे मिटायला नाही मिळाले आपल्याला. ह्याचे तरी मीट. शब्द दे."

"दिला," ती म्हणाली.

अन्सेल्मला पुरून आल्यावर ती दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली. समुद्र, वाळू, कोट, सगळं दुसऱ्या कुंचल्यांनी झालं. डोळे राहिले. तिने मला ओठात धरलं. मी खारट झालो. कागदावर टेकलो तेव्हा मला वाटलं, आता दोन बारीक रेघा, झालं. पण तिचा हात वर वळला. तिने डोळे उघडले. दोन्ही! मग तिने पेन्सिल खोडून टाकली आणि रबराचा चुरा एप्रनमध्ये गोळा केला. आमच्या धंद्यात शाईखाली काय होतं, ते कुणाला कळत नाही.

"म्हातारा शेवटी शुद्धीवर आला म्हणायचा!" वेर्दिए पान बघून खूश झाला आणि घेऊन गेला.

पुढे व्हायचं तेच झालं. मालो दुसऱ्यांच्या हाती गेला. त्याला चंद्रावर धाडलं, चॉकलेटच्या डब्यावर नाचवलं. दात तर इतके दिले, की घोडा लाजेल. सोलांज ती पुस्तकं घरात येऊ देत नसे.

एकदा ती दुकानातून मोहरीच्या चटणीचा ग्लास घेऊन आली. चटणी संपली की पोरं त्यातून पाणी पितात, तसला. ग्लासावर मालो हसत होता. तिने चटणी काढून टाकली, ग्लास घासूनपुसून कोरडा केला आणि किती वर्षांनी मला शाईत बुडवलं.

"झोप रे राजा," ती म्हणाली. "चुकलं माझं. झोप आता."

तिने मला त्याच्या डोळ्यांवर फिरवलं. काचेवर शाई धरते होय! ओघळली. तिने पुसून पुन्हा फिरवली, पुन्हा ओघळली. हात काळा होईपर्यंत ती फिरवत राहिली आणि मग टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. त्या दिवशी मला धुवायचं राहून गेलं. नंतर ती कधी टेबलाशी बसलीच नाही.

आता माझ्यासमोरच्या भिंतीवर तेच शेवटचं पान टांगलंय. लोक येतात, म्हणतात, "वा! डोळे बघा, कसे जिवंत आहेत!" ते डोळे दिवसभर माझ्याकडे बघतात. संध्याकाळी दिवे मालवतात, तरी ते काही मिटत नाहीत.

बाबांनो, काच उघडा. कोमट पाण्यात मला घटकाभर ठेवा, मी अजून मऊ होईन. मग कुणीतरी मला त्या पानापाशी न्या. दोन रेघा फक्त. तिने दिलेला शब्द राहिलाय, आणि पोराला झोप आलीये.