फोटोपुढचं पाणी

मी एक जुना फौजी मग आहे. पांढरा, निळ्या काठाचा, कानाजवळ टवका उडालेला. आज माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली आहे आणि मित्रांनो, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे. मगाला कुठला तळपाय, म्हणाल. बूड तर आहे ना, ते तापलंय!

समोर डोमाजी आजोबांचा फोटो आहे. त्यांना जाऊन आज वर्ष झालं. मुलचेऱ्याजवळच्या त्यांच्या गावात मंडप पडलाय, माइक लागलाय, आणि जो तो उठून सांगतोय, "आमच्या डोमाजीले सहा भाषा येत होत्या!" येत होत्या ना! एवढं ठाऊक होतं, तर त्या दिवशी कुठं मेला होतात सगळे?

थांबा. रागाच्या भरात मी भलतीकडेच सांडतो. सुरुवातीपासून सांगतो.

पत्रा ठोकून, त्यावर मुलामा चढवून, भट्टीत भाजून मला बनवलं. फौजेत मी डोमाजींच्या वाट्याला आलो. ढिवराचं पोर, तलावात जाळं टाकत वाढलेलं. झाडीची मराठी आणि शेजारच्या पाड्यावरची गोंडी, एवढंच त्याचं भांडवल. पण पठ्ठ्या ज्याच्या शेजारी जेवायला बसे, त्याची बोली उचलून आणी. पंजाबी आली, तेलुगू आली, हिंदी तर आलीच. "पुस्तक नाई लागत गा," तो म्हणायचा, "ज्याच्यासंगं जेवलो, त्याची बोली आली."

मग एकाहत्तर साल उजाडलं. बंगालच्या सीमेवर निर्वासितांची छावणी होती आणि आमच्याकडे पाणी वाटायचं काम. बायका, म्हातारे, लेकरं चिखल तुडवत यायची आणि एकच बोलायची, "तेष्टा पाइसे." म्हणजे तहान लागली आहे. डोमाजींना आलेलं पहिलं बंगाली ते हेच. मी बादलीत बुडायचो, वर यायचो, कुणाच्या तरी सुकल्या ओठांना लागायचो. माझ्या आयुष्यात मला एवढा मान पुन्हा कधी मिळाला नाही.

निवृत्त होऊन डोमाजी गावी आले, आणि त्यांच्या पिशवीत मी. आजूबाजूला बंगाली निर्वासितांच्या वस्त्या. तिथली शेफाली यांच्या तलावातली मासोळी घेऊन बाजारात विकायची. ती त्यांना काका म्हणायची आणि दोघं अंगणात बसून बंगालीत मनसोक्त भांडायचे. दवाखान्यात गोंड म्हातारीचं दुखणं डॉक्टरला कळेना, बोलवा डोमाजीला. सिरोंच्याकडचा तेलुगू पाहुणा आला, बोलवा डोमाजीला. अख्ख्या पंचक्रोशीचं बोलणं या माणसानं एकमेकांना पोचवलं, तेही फुकट. मी जवळ असायचोच, चहानं भरलेला.

आणि मग त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. बोलणं परत आलं, पण मराठी आली नाही. आली ती बंगाली! ते खाटेवरून बोलत होते, "तेष्टा पाइसे... तेष्टा पाइसे..." मी उशाशी होतो, पाण्यानं भरलेला. पण सुनेनं, गिरजानं, मला नेहमीसारखं उजव्या बाजूला ठेवलेलं. तो हात उठेचना.

मुलगा हरिदास घाबरला. "बाबा हे काय बोलून राह्यले? आपली बोली काऊन नाई बोलत?" शेजारचा एक उंटावरचा शहाणा म्हणाला, "बंगाली जादू हाय भाऊ. त्या वस्तीतल्यानं कोनी करनी केली." झालं! दवाखाना राहिला बाजूला आणि मोटारसायकलवर मांत्रिक आला.

त्यानं काय केलं माहीत आहे? माझ्यातलं पाणी अंगणात ओतलं आणि माझ्यात लिंबू-बिब्बे भरले. माझ्यात! वर म्हणाला, "पूजा होयेपर्यंत पाणी देऊ नोका. पाण्यानं करनीले जोर येते. अन् जो कोनी पाणी पाजा म्हनत येईन, करनी त्याचीच समजा."

दुपारी शेफाली धावत आली. हरिदासनं तिला फाटकातच अडवलं. आतून आजोबांची हाक येत होती. तिनं ती ऐकली आणि ओरडली, "हरिदासदादा, काका पाणी मागते! तेष्टा पाइसे बोलते! पाणी दे ना रे!"

हरिदासनं गिरजाकडे पाहिलं. मांत्रिक बोलला तसंच घडलं होतं. त्यानं फाटक लावून घेतलं. बाई बाहेर रडत, ओरडत राहिली. आत मी लिंबं पोटात घेऊन बसलो होतो. मला तोंड असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं.

दिवस बुडता बुडता आजोबा गप्प झाले. मग घरात रडारड सुरू झाली, माणसं जमली. लिंबं फेकून कुणीतरी मला विसळलं, पाण्यानं भरलं, आणि रीत म्हणून एकेक जण पुढे येऊन मेलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू लागला. आधी हरिदास, मग गिरजा, मग तो उंटावरचा शहाणासुद्धा. बैल गेला अन् झोपा केला! पाणी ओठांवरून ओघळून मानेखाली जात होतं.

आता मंडपात टाळ्या पडताहेत. शेवटच्या रांगेमागे शेफाली उभी आहे. हरिदास तिकडे बघत नाही. वर्षभर बघितलेलं नाही.

पण गिरजा उठली. तिनं माझ्या गळ्यातली माळ काढली, भरलेल्या मला फोटोपुढून उचललं आणि भर सभेतून चालत शेफालीपुढे नेऊन धरलं. मी हिंदकळत होतो.

"बाई, तू त्या दिवशी खरं सांगत होती. आमाले माफ कर. पाणी घे."

शेफालीनं मला हात लावला नाही.

"माझ्याले तेष्टा नाय, गिरजा," ती म्हणाली. "काकाले होती."

माइक बंद झाला. गिरजानं मला परत आणून फोटोपुढे ठेवलं.

मित्रांनो, मला माळ नको, भाषण नको. तुमच्या घरचं म्हातारं माणूस तुम्हाला न कळणारं बोलू लागलं, तर ज्याला ते कळतं त्याला दारात अडवू नका. आणि तो येईस्तोवर आधी पाणी द्या.

सभा उठली आहे. खुर्च्या गोळा होताहेत. मी अजून फोटोपुढेच आहे आणि माझ्यातलं पाणी कुणी प्यायलेलं नाही.