हणमंतबुवांचा आवाज

हणमंतबुवा कीर्तनाला उभे राहिले की नातेपुत्यातली तान्ही लेकरंसुद्धा रडायची थांबतात, असं लोक सांगायचे. त्यात थोडी पदरची भर असेल. पण आवाज खरंच तसा होता. ऐकणाऱ्याला वाटायचं, हा माणूस आपल्या एकट्याशीच बोलतोय.

सतीश त्यांचा सख्खा भाचा. लहानपणापासून त्यांच्या मागं टाळ घेऊन उभा राहिलेला. आता सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका ऑफिसात तो मोबाइलवरचे गेम बनवायचा. नव्या गेममध्ये गावची जत्रा होती. पाळणेवाला, रेवडीवाला आणि देवळात कीर्तनकार बुवा. ही माणसं पाठ केलेलं बोलणार नव्हती. खेळणारा जे विचारील त्याचं उत्तर एआय जागच्या जागी जुळवणार होतं. बुवांसाठी सतीशला दुसरा आवाज सुचलाच नाही.

“माझं कीर्तन मशीन करणार, मग मी काय भाकऱ्या थापू व्हय?” मामा हसले आणि लगेच गंभीर झाले. “एक ध्यानात ठेव. कीर्तनकारानं देवाचं सांगावं. कुणाच्या घरात पुढं काय होणार, ते सांगू न्हाय. मी काय अंगात येणारा भगत न्हाय. तेवढं त्या मशीनला बजाव.”

सतीशनं मामांचा आवाज भरून घेतला आणि मशीनला बजावलं. कुणी दुखणंखुपणं काढलं की गेममधले बुवा म्हणायचे, “ते पांडुरंगाला ठाऊक, माऊली. आपण नाम घेऊ,” आणि गप्प बसायचे. खेळणारी पोरं तिथून उठून पाळण्याकडं जायची.

“तुझा बुवा लई कोरडा आहे रे,” ऑफिसातला पंचाक्षरी म्हणाला. “दोन शब्द धीराचे बोलला तर त्याची वीणा फुटते का?”

मग सतीशनं मामांची ती अट काढली आणि नवी सूचना लिहिली: प्रत्येकाला धीर द्यावा, कुणालाही निराश परत पाठवू नये. वाचायला ते फार चांगलं वाटत होतं. मामांना विचारावं असं त्याच्या मनात आलंही. मग म्हटलं, गेमच तर आहे. दिवाळीत गावी गेला तेव्हा कौतुकानं गल्लीतल्या पोरांच्या मोबाइलमध्ये त्यानंच तो घालून दिला.

पुढं महिन्याभरानं मामांच्या शेजारच्या बजाबाईंचा मुलगा युवराज मोटरसायकलवरून पडला. त्याला सोलापूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं, शुद्ध नव्हती. बायको त्याच्यापाशी होती. घरी बजाबाई आणि नात सुकन्या. मामा सप्ताहासाठी परगावी गेलेले. सुकन्याच्या हातातल्या मोबाइलमधून बुवांचा आवाज आला आणि त्यांचाच फोन समजून बजाबाई चुलीपुढून उठून आल्या.

“बुवा, माझा युवराज उटंल का वो?”

“उठेल, माऊली. स्वतःच्या पायानं चालत घरी येईल. तुम्ही डोळ्यांत पाणी आणू नका.”

दुसऱ्या दिवशी सुनेचा फोन आला, डॉक्टर म्हणतात आईला बोलवून घ्या. बजाबाई गेल्या नाहीत. “बुवांनी सांगितलंय की, त्यो चालत येणार. मी तितं रडत जाऊन अपशकुन कशाला करू?” त्यांनी अंगण सारवलं, त्याचं अंथरूण उन्हात टाकलं. संध्याकाळी युवराजला घरी आणलं ते गाडीतून, झाकून.

गावी परतलेल्या मामांचा निरोप येताच सतीश नातेपुत्याला धावला. दोघं बजाबाईंच्या दारी गेले. ती माउली रडत नव्हती.

“मावशी, ते मामा नव्हते,” सतीश खाली बसत म्हणाला. “मशीन होतं. मी बनवलेलं.”

“आवाज तर बुवांचाच की रं.” त्यांनी मामांकडं पाहिलं. “तुमच्या शब्दावर बसले मी बुवा. त्याचं तोंड जित्यापणी बघायचं ऱ्हायलं. आसू दे. दहाव्याचं कीर्तन तेवढं तुमीच करा.”

मी त्या दिवशी गावातही नव्हतो, असं सांगून मामांना मोकळं होता आलं असतं. सतीश त्याचीच वाट बघत होता. पण मामांनी हात जोडले. “माझ्या तोंडानं आता तुमच्या दारात नको, बाई. दुसऱ्या बुवांना सांगतो.”

परतताना सतीश म्हणाला, “मामा, आजच काढून टाकतो ते.” मामा नुसते “काढ” म्हणाले. रागावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

दहाव्याला अकलूजचे बुवा आले. चांगले बोलले, लोकांचे डोळे ओलावले. ज्यांच्या चालीवर सगळं गाव डोलायचं ते हणमंतबुवा मागं टाळकऱ्यांच्या रांगेत टोकाला उभे होते. सतीश आला तशी त्यांनी सरकून त्याला जागा दिली. नामाचा गजर सुरू झाला. सतीशनं बाजूला पाहिलं. मामांचे हात बरोबर ठेक्यावर चालले होते. ओठ मात्र मिटलेले होते.

समोर बायकांत बसलेल्या बजाबाई मान उचलून गाणाऱ्यांत तो आवाज शोधत होत्या.