करंगळीचा स्वर

"दादाच्या हाताकडे एकदा नीट बघ गं," आई फोनवर म्हणाली होती. "डाव्या अंगठ्याजवळचं मांस बसलंय. बटणं लावताना तो हात नुसता पाहुण्यासारखा बसून असतो."

आईने पस्तीस वर्षं शिवणकाम केलंय. माणूस दारातून आत आला की तिची नजर आधी बाहीवर जाते, मग मनगटावर. मी तेव्हा सात महिन्यांच्या लेकीला खांद्यावर घेऊन थोपटत होते. म्हणाले, "आई, तुला जिथे तिथे उसवलेलंच दिसतं!"

दादा माझा थोरला भाऊ. एकटा राहतो, घरीच गिटार शिकवतो. उरलेला वेळ जाहिरातींचं संगीत बनवायचं: उजव्या हातात माउस, डावं कोपर टेबलाच्या कडेवर रोवलेलं, असे दहा-दहा तास. गिटार मलाही त्यानेच शिकवली. मी कॉलेजात असताना मायनर नाइंथ नावाच्या एका कॉर्डने मला महिनाभर रडवलं होतं.

"मधलं बोट पाचव्या तारेवर, पाचव्या घरात. तर्जनी चौथीवर, दोन घरं मागे. अनामिका तिसरीवर. आता करंगळी दुसरीवर ठेव. ठेव म्हणतोय, लोंबकळू नकोस!"

"पोचत नाही."

"जीभ बरी पोचते सगळीकडे. हे बघ ठमे, मायनर म्हणजे रडणारा माणूस. त्यात कोमल सातवा घातला की रडून झालेला माणूस. त्यावर नववा ठेवला की तोच माणूस, पण त्याला अजून काहीतरी सांगायचंय. तो नववा करंगळीकडे."

"आणि पाचवा स्वर? तो कुठेय?"

"या पकडीत नाहीच. पाचवा गाळला तरी कान आपला भरून घेतो. करंगळीचा गाळलास तर कुणी भरून देत नाही."

लेक झाल्यावर तो दर रविवारी तिच्यासाठी एक अंगाई वाजवून पाठवायचा. सुरुवात त्याच कॉर्डने, शेवटही त्याच. पोरगी दुसऱ्या कशाने झोपायचीच नाही, त्यामुळे दिवसातून वीस वेळा मी ते ऐकायचे. लेकीचा श्वास जरा जोरात झाला तरी उठून बसणारी बाई मी. एका रविवारी नववा स्वर जरासा खरखरला. पुढच्या रविवारी अर्धवट वाजला. त्याच्या पुढच्या रविवारी नव्हताच.

मी ते ऐकलं नाही असं नाही. पहिल्याच वेळी ऐकलं. आईचा फोन येऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते, आणि तरीही दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्या नाहीत. वाजवणारी माणसं गळलेल्या स्वरातही वाजवणाऱ्याची आवडच शोधतात. मी त्याला लिहिलं, "दादा, नववा काढलास? काय मोकळं वाटतंय! आता खरा तयार झालास तू."

तासाभराने उत्तर आलं: "वय झालं ठमे. कमी बोलावं."

मी हसले. शेजारच्या खोलीत जाऊन नवऱ्यालाही वाचून दाखवलं.

त्या आठवड्यात त्याने दवाखान्याची वेळ घेतली होती. करंगळी दोन महिने बधिर होती. माझा निरोप वाचून त्याने ती वेळ रद्द केली. हे त्यानेच मला नंतर सांगितलं, अगदी सहज. "म्हटलं, तुझ्यासारख्या कानाला बरं वाटतंय तर निभेल." निभवण्यात आणखी आठ महिने गेले.

कोपरातली नस दबली होती. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता आणखी बिघडणार नाही, पण गेलेली ताकद परत येईल असं धरून चालू नका. "सहा-आठ महिने आधी आला असता तर..." एवढं बोलून त्यांनी पुढचा कागद उचलला.

मग मी लेकीला घेऊन दर दोन दिवसांनी त्याच्याकडे जायला लागले. गिटारच्या सहाही तारा काढून, गुंडाळून खिळ्याला टांगलेल्या. त्याची शेवटची दोन बोटं आत वळलेली, जणू मुठीत काही धरलंय. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "बोलतेस तोंडाशी, बघतेस हाताकडे. ठमे, तू येत जाऊ नकोस."

"दादा, अरे मी..."

"तुझा दोष नाही गं. पण तू समोर असलीस की मला तो निरोप आठवतो."

तेव्हापासून दार बंद. शिकवण्या बंद. फोन वाजून वाजून थांबतो. आई दारात डबा ठेवून येते, दुसऱ्या दिवशी तोच डबा भरलेला परत आणते. आतून "बरा आहे" एवढंच ऐकू येतं, आणि गेल्या गुरुवारपासून तेही नाही. फक्त आत कुणी चालल्याचा आवाज. घरमालकाकडे दुसरी किल्ली आहे, आजच मागून ठेवली आहे. पण मी आत शिरले तर तो मला बघेल, आणि त्याला पुन्हा तेच आठवेल.

त्याच्याकडे पंधरा वर्षांत कितीतरी जण शिकून गेले. तुम्ही त्यांतले असाल तर घर तुम्हाला ठाऊक आहे: तिसरा मजला, डावीकडचं दार, बेल बिघडलेली. आपली गिटार घेऊन जा. दार ठोका. त्या पकडीत करंगळी पोचत नाही म्हणा, खोटं बोला हवं तर. हाताचं विचारू नका, माझं नाव काढू नका. आजच जा. आणि मला एवढंच कळवा, त्याने दार उघडलं का.